दारावरची थाप

दारावर थाप पडते. आपण घरात अभ्यास करीत बसलेले असतो. पण थाप ऐकताच कोण आले असेल, हे बहुधा ओळखतो. पोस्टमनची थाप निराळी, शेजारच्या काकूंची निराळी आणि बाजारातून परतलेल्या आजोबांची निराळी. ओळखीची थाप असेल तर आपण धावत जाऊन दार उघडतो; अनोळखी असेल तर आधी खिडकीतून डोकावतो.

परंतु कधी कधी असा काळ येतो, की साऱ्या गावाची दारे बंद असतात. माणूस माणसाला भेटण्यास कचरतो. रस्ते ओस पडतात. अशा वेळीही दारावर थाप पडते. ती थाप सरकारची असते. महामारीच्या दिवसांत सरकार दार कसे ठोठावते, आणि आतली माणसे ते उघडतात की अडसर लावतात, यावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात. महाराष्ट्राच्या इतिहासातील अशा दोन प्रसंगांची ही हकिकत आहे. त्यांतील पहिला प्रसंग १८९७ सालचा आणि दुसरा २०२० सालचा.

रोग एका घरापुरता राहिला, तर त्याला आपण आजार म्हणतो. तो गावभर पसरला, की साथ म्हणतो. समुद्र आणि सीमा ओलांडून तो देशोदेशी पोहोचला, की ती महामारी होते. साध्या आजाराशी एखादे कुटुंब आपल्या बळावर झुंजू शकते. महामारीशी मात्र एकट्याने झुंजता येत नाही. दहा घरांनी काळजी घेतली आणि अकराव्या घराला ती घेता आली नाही, तर रोग पुन्हा दहाही घरांत शिरतो. रोग्याला निराळे ठेवावे, असे वैद्य सांगतात. पण ज्याचे घर एका खोलीचे आहे, त्याने रोग्याला कोठे ठेवावे? कोणी घराबाहेर पडू नये, असा हुकूम निघतो. पण रोज कमवावे तेव्हा संध्याकाळी ज्याची चूल पेटते, त्याने काय खावे?

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. साऱ्या गावाच्या हितासाठी आपण ज्याला घरी बसावयास सांगतो, त्याच्या पोटाची आणि औषधाची चिंता साऱ्या गावाने वाहिली पाहिजे. हा उपकार नव्हे. हा न्याय आहे. हे काम सर्वांच्या वतीने करण्यासाठीच सरकार असते.

आता पहिल्या प्रसंगाकडे वळू.

१८९४ साली हाँगकाँग शहरात प्लेगची भयंकर साथ आली. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६मध्ये, मुंबई बंदराजवळच्या मांडवी भागात तोच रोग दिसू लागला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. काखेत किंवा जांघेत गाठ येई, कडक ताप भरे आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत रोगी दगावे. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. घाबरून लक्षावधी माणसांनी मुंबई सोडली. काही महिन्यांतच रोग पुण्यास पोहोचला.

तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते. प्लेग आवरण्यासाठी सरकारने फेब्रुवारी १८९७मध्ये घाईघाईने साथरोगांचा कायदा केला. तो जेमतेम चार कलमांचा होता. साथ आवरण्यासाठी लागतील ते नियम करावेत, प्रवाशांची तपासणी करावी, रोगाचा संशय असलेल्यांना निराळे ठेवावे, नियम मोडणाऱ्यास शिक्षा करावी, असे पुष्कळ अधिकार त्यात होते. मात्र निराळ्या ठेवलेल्या माणसाला अन्न कोण देईल, त्याच्या मुलांना कोण सांभाळील, याविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

पुण्यातील बंदोबस्तासाठी वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. घरे तपासण्याचे काम गोऱ्या सैनिकांकडे सोपविले गेले. पहिली थाप पडली ती अशी! बुटांचा आवाज गल्लीत घुमे. सैनिक घरात शिरत; स्वयंपाकघर, देवघर, माजघर असे सारे धुंडाळीत. रोग्याला इस्पितळात आणि घरच्या माणसांना गावाबाहेरच्या छावणीत नेले जाई. घरातील सामानसुमान जाळले जाई. काय चालले आहे आणि ते कशासाठी, हे लोकांच्या भाषेत त्यांना कोणी नीट समजावून सांगत नसे.

रोग्याला निराळे ठेवणे चूक होते काय? नाही. घर स्वच्छ करणे चूक होते काय? तेही नाही. चूक होती ती रीत. परिणाम असा झाला, की लोकांना रोगापेक्षा तपासणीचेच भय अधिक वाटू लागले. घरात कोणी तापाने फणफणला, तर त्याला माळ्यावर किंवा अडगळीत लपविण्यात येऊ लागले. लपविलेला रोगी औषधाला मुकला आणि त्याच्यापासून रोग मात्र पसरत राहिला. जी थाप मदतीची असावयास हवी होती, ती धाकाची ठरली. असंतोष इतका वाढला, की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढे त्यांना फाशी झाली.

त्या काळातही आपुलकीने दार ठोठावणारी माणसे होती. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाईंचे वय तेव्हा साठीच्या पुढे होते. ज्या रोग्याजवळ जाण्यास सख्खे नातलगही भीत, त्याला त्या स्वतः दवाखान्यात आणीत आणि त्याची शुश्रूषा करीत. तसे करतानाच त्यांना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. लोकमान्य टिळकांनीही पुण्यात राहून रोग्यांसाठी इस्पितळ उभारण्यास हातभार लावला.

मुंबईत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ प्लेगवर लस शोधण्याच्या कामी लागले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. “आधी केले, मग सांगितले” असे आपण म्हणतो ना, त्याचे हे उत्तम उदाहरण होय. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळ येथे नेण्यात आली. आज तिला आपण हाफकिन संस्था म्हणून ओळखतो. उंदरांच्या अंगावरील पिसवा चावल्याने प्लेग माणसांत पसरतो, हे मात्र त्यानंतर म्हणजे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत प्रयोग करून दाखविले.

या गोष्टीला सव्वाशे वर्षे होत आली आणि पुन्हा एक महामारी आली.

या खेपेस रोग नवा होता. करोना नावाच्या विषाणूपासून होणाऱ्या या रोगाला कोविड असे नाव मिळाले. तो श्वासावाटे पसरत होता. महाराष्ट्रातील पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजी आढळले, आणि तेही पुण्यातच! दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने ही महामारी असल्याचे सांगितले. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात एक जुना कायदा लागू केला. तो कोणता, हे तुम्ही ओळखलेच असेल. तोच १८९७चा चार कलमांचा कायदा! २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी सुरू झाली. शाळा, कारखाने, बाजार, आगगाड्या, सारे थांबले.

कायदा जुनाच होता. परंतु देश आता स्वतंत्र होता आणि राज्य लोकांचे होते. म्हणून या वेळी नुसता हुकूम काढून भागणार नव्हते. हुकुमाबरोबर शिधाही पोहोचविणे भाग होते.

सर्वांत पहिला प्रश्न अन्नाचा होता. २०१३ साली झालेल्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार गरजू कुटुंबांना रेशनच्या दुकानात दरमहा माणशी ५ किलो धान्य अगदी अल्प दरात मिळत असे. एप्रिल २०२०पासून केंद्र सरकारने त्याखेरीज आणखी ५ किलो धान्य माणशी मोफत देण्यास सुरुवात केली. पाच माणसांच्या घराचा हिशेब करून पाहा. नेहमीचे २५ किलो आणि वरचे मोफत २५ किलो, मिळून ५० किलो धान्य. देशातील सुमारे ८० कोटी लोकांसाठी ही योजना होती. इतके धान्य एकाएकी कोठून आले? शेतकऱ्यांनी पिकविलेला गहू आणि तांदूळ सरकार दरवर्षी खरेदी करून कोठारांत साठवून ठेवते. सुगीत भरलेली कणगी जशी दुष्काळात उपयोगी पडते, तशीच ही कोठारे त्या वेळी उपयोगी पडली. महाराष्ट्रात शिवभोजन केंद्रांवर १० रुपयांना मिळणारी थाळी टाळेबंदीत ५ रुपयांना मिळू लागली. शाळा बंद असल्या, तरी शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य मुलांच्या घरी देण्यात आले.

दुसरा प्रश्न औषधोपचाराचा होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना एरवी ठरावीक कुटुंबांसाठी होती. मे २०२०मध्ये ती राज्यातील सर्वांसाठी खुली करण्यात आली. माहिती आणि सल्ल्यासाठी दूरध्वनीचे खास क्रमांक देण्यात आले. मुंबई महापालिकेने आपल्या २४ विभागांत एकेक नियंत्रण कक्ष उघडला. रोग्याच्या घरच्यांनी दारोदार हिंडून खाट शोधण्याऐवजी तेथे दूरध्वनी करावा आणि कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे ते विचारावे, अशी सोय झाली.

आणि आता दुसरी थाप ऐका. खेड्यापाड्यांत ही थाप बहुधा आशाताईंची असे. आशा सेविका ही गावातलीच एक स्त्री. तिचे माहेर, सासर, मुलेबाळे साऱ्यांना ठाऊक असतात. तोंडाला मुखपट्टी बांधून, हातात वही घेऊन ती घरोघर गेली. “ताई, घरात कोणाला ताप आहे का? आजींना दम लागतो का?” असे ती विचारी. तिच्या थापेला अडसर लागला नाही, कारण याच आशाताईंनी पूर्वी बाळाला लस टोचण्यासाठी आईला दवाखान्यात नेलेले होते. १५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पथकांनी घरोघर जाऊन प्रत्येकाचा ताप मोजला आणि बोटाला लहानसा चिमटा लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहिले. हे काम आशाताईंनी अल्प मानधनावर, स्वतःच्या जिवाचा धोका पत्करून केले. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा सेविकांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला.

मुंबईतील धारावीची कथा तर विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अवघ्या अडीच चौरस किलोमीटरच्या आत तेथे आठ लाखांहून अधिक माणसे राहतात. दहा फुटांच्या खोलीत आठ-दहा जणांचा संसार, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्या, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयांचाच आधार. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रोगी आढळला, तेव्हा आता येथे काय होणार, या विचाराने साऱ्यांच्या छातीत धस्स झाले. घरात निराळे राहा, असे सांगण्यात अर्थच नव्हता.

तेव्हा पालिकेने रोगी येण्याची वाट न पाहता रोगाचा माग काढण्याचे ठरविले. वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाने चालविणारे खासगी डॉक्टर पालिकेच्या लोकांबरोबर गल्लोगल्ली फिरले. ताप तपासण्याची शिबिरे भरली. शौचालये दिवसातून अनेक वेळा जंतुनाशकाने धुण्यात आली. शाळा, मंगल कार्यालये आणि क्रीडासंकुले रिकामी करून तेथे खाटा मांडल्या. ज्यांना तेथे नेले, त्यांना दोन वेळचे जेवण आणि औषध मिळे आणि डॉक्टरही जवळच असत. रोगमुक्त होऊन परतलेला माणूस शेजाऱ्यांना सांगे, “भिऊ नका, तेथे काळजी घेतात.” या एका वाक्याने जे काम केले, ते शंभर हुकुमांनी झाले नसते. ज्यांना ताप वाटला, ते आपणहून तपासणीस येऊ लागले. १८९७ साली पुण्यात रोगी लपविले गेले होते. २०२० साली धारावीत रोगी स्वतः पुढे आले. जुलैपर्यंत तेथील साथ बरीच आटोक्यात आली आणि १० जुलै रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा जगापुढे आदराने उल्लेख केला.

परंतु सारेच सुरळीत झाले, असे समजू नका. खरी गोष्ट लपवून कोणाचेच भले होत नाही. टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा परप्रांतांतून कामासाठी आलेले लाखो मजूर शहरांत अडकले. काम गेले, मजुरी थांबली. पुष्कळांची शिधापत्रिका गावाकडे राहिलेली. त्यामुळे शहरातील दुकानात त्यांना धान्य मिळेना. डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन ते भर उन्हात शेकडो मैल चालत निघाले. काही वाटेतच मरण पावले. १ मेपासून त्यांच्यासाठी खास आगगाड्या सुटू लागल्या आणि शिधापत्रिका नसलेल्यांनाही मे व जून महिन्यांचे धान्य देण्याचे ठरले. मदत आली, पण पुष्कळांसाठी ती उशिरा आली.

२०२१च्या एप्रिल महिन्यात रोगाची दुसरी लाट आली, तेव्हा रुग्णालयांत खाटा कमी पडल्या, प्राणवायूही अपुरा पडला. नवी मुंबईजवळच्या कळंबोली स्थानकातून रिकामे टँकर लादलेली आगगाडी दूर विशाखापट्टणमला धाडण्यात आली. प्राणवायूने भरलेले ते टँकर नागपूर आणि नाशिकला पोहोचले. तरीही अनेक घरांतील माणसे वाचू शकली नाहीत. ज्या मुलांचे आई आणि वडील दोघेही या रोगाने नेले, त्यांच्या नावे महाराष्ट्र सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचे ठरविले. मुलांनो, कोणतीही रक्कम आईवडिलांची जागा घेऊ शकत नाही. परंतु अशा मुलाचे शिक्षण थांबू नये, ही जबाबदारी समाजाची आहे, एवढे तरी त्या निर्णयाने मान्य झाले.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले होते. ज्या पुण्यात एके काळी प्लेगने हाहाकार उडविला, त्याच पुण्यातील कारखान्यात या लसीच्या कोट्यवधी मात्रा तयार झाल्या. २१ ऑक्टोबर २०२१पर्यंत देशात १०० कोटी मात्रा टोचून झाल्या. अखेर ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.

या दोन प्रसंगांतून आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट ही, की मदत आधी तयार असावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. धान्याची कोठारे भरलेली होती, म्हणून ते वाटता आले. जेथे खाटा आणि प्राणवायू पुरेसा नव्हता, तेथे माणसे दगावली.

दुसरी गोष्ट, मदत ठाऊक असावी लागते. घरातील शिधापत्रिकेवर सर्वांची नावे आहेत ना, जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा, या गोष्टी बारा वर्षांच्या मुलालाही माहीत असाव्यात. शेजारच्या आजींना अर्ज वाचता येत नसेल, तर तो वाचून दाखविणे हे तुमचे काम होय. आणि ती मदत घेताना कोणी मान खाली घालण्याचे कारण नाही. ती सर्वांनी दिलेल्या करांतून उभी राहिलेली असते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. तो साथीच्या दिवशी बाजारातून विकत आणता येत नाही. सरकारने एरवी खरे सांगितले असेल, माणसाला माणसाप्रमाणे वागविले असेल, तरच संकटात लोक त्याचे ऐकतात. लोकांनीही विश्वासाला पात्र व्हावे लागते. रोग लपविणे, खोटी अफवा पसरविणे, गरज नसता साठा करून ठेवणे, ही सारी दुसऱ्याच्या दारावरची मदत अडविण्यासारखीच आहेत.

उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी तलाठी, कोणी आशाताई, तर कोणी जिल्हाधिकारी. एखाद्या कठीण दिवशी कोणाच्या तरी बंद दारासमोर तुम्ही उभे असाल. हात वर कराल, तेव्हा या दोन्ही प्रसंगांची आठवण ठेवा. आतला माणूस घाबरलेला आहे. तुमची थाप ऐकून त्याने दार उघडावे, असे तुम्हांला वाटत असेल, तर त्या थापेत दरारा नको, आपुलकी हवी.

अभ्यास

१. महामारीशी एकट्या कुटुंबाला का झुंजता येत नाही?
२. पुण्यातील लोक प्लेगच्या रोग्यांना का लपवू लागले? त्याचा परिणाम काय झाला?
३. “हा उपकार नव्हे, हा न्याय आहे.” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. धारावीतील रोगी आपणहून तपासणीस का येऊ लागले?
५. २०२० साली तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात कोणती मदत मिळाली आणि कोणती मिळाली नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.